हॅसिएंडा ही विजेत्यांची जहागीर नव्हती

हॅसिएंडा हा शब्द इंग्रजीने स्पॅनिशमधून घेतला आणि इंग्रजी पुस्तकांमार्फत तो मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. मेक्सिकोतील, किंवा एकूणच स्पॅनिश अमेरिकेतील, मोठी ग्रामीण मालमत्ता असा त्याचा अर्थ. जमीन, मालकाचा वाडा, धान्याची कोठारे, चॅपेल, मजुरांच्या झोपड्या आणि या सगळ्यांवर चालणारा मालकाचा हुकूम, एवढे सारे त्या एका शब्दात सामावते. या शब्दाबरोबर एक ठरीव कहाणीही फिरत असते. पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांत, लोकप्रिय इतिहासलेखांत आणि समाजमाध्यमांवरील मजकुरांत ती जवळजवळ एकाच साच्यात भेटते. १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी पडली आणि स्पेनच्या राजाने आपल्या विजयी सरदारांना गावांसकट जमिनी बहाल केल्या. या जहागिरी म्हणजेच हॅसिएंडा. त्यांच्या मालकांना नफ्यातोट्याशी देणेघेणे नव्हते, त्यांना हवी होती प्रतिष्ठा. सगळे घरचे पिकवून घरचे खाणारी ती बंदिस्त जगे होती. एकेक हॅसिएंडा एकाच घराण्यात तीनशे-चारशे वर्षे राहिली. तिथला प्रत्येक मजूर बापाच्या कर्जाचे ओझे घेऊन जन्माला येई. शेवटी १९१० च्या क्रांतीने ही मध्ययुगीन व्यवस्था एका झटक्यात मोडून काढली.

या कहाणीतील प्रत्येक विधानात सत्याचा थोडाफार अंश आहे आणि म्हणूनच ती इतकी टिकली आहे. तरीही एक मांडणी म्हणून ती चुकीची आहे आणि तिची चूक निरुपद्रवी नाही. ती मान्य केली, की लाखो शेतमजुरांवर झालेल्या अन्यायाचे खापर मध्ययुगावर फुटते आणि एकोणिसाव्या शतकातील कायदे, रेल्वे, बाजारभाव आणि परदेशी खरेदीदार नामानिराळे राहतात. हॅसिएंडा सर्वांत मोठी आणि सर्वांत क्रूर झाली ती राजाच्या काळात नव्हे, प्रजासत्ताकाच्या काळात. हे नीट समजून घ्यायचे तर कहाणीतील विधाने एकेक करून तपासावी लागतात.

पहिले विधान राजाच्या देणगीचे. विजेत्या स्पॅनिश शिपायांना सुरुवातीच्या काळात जे मिळाले त्याचे नाव होते एन्कोमिएंदा, आणि एन्कोमिएंदा म्हणजे जमीन नव्हे. ठरावीक गावांतील मूळ रहिवाशांकडून खंडणी आणि सुरुवातीला वेठही घेण्याचा तो अधिकार होता. त्याच्या मोबदल्यात त्या लोकांना ख्रिस्ती धर्माची शिकवण देण्याची जबाबदारी अधिकार मिळवणाऱ्यावर होती. जमिनीची मालकी त्यातून मिळत नसे. मराठेशाहीतील सरंजाम ज्याला ठाऊक आहे त्याला हा फरक पटकन कळेल, कारण सरंजामातही गावाचा महसूल हाती येई, शेतकऱ्याची जमीन सरंजामदाराच्या मालकीची होत नसे. विजयी मोहिमेचा सेनापती एर्नान कोर्तेस याला १५२९ मध्ये मिळालेली ओआहाकाच्या खोऱ्याची मार्किसकी, म्हणजे वंशपरंपरागत सरदारकी, हा मोठा अपवाद आहे, आणि या एका अपवादावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढला जातो. स्वतः राजसत्तेलाच या मंडळींची भीती वाटत होती. समुद्रापलीकडे एक वंशपरंपरागत सरदारवर्ग उभा राहणे तिला परवडणारे नव्हते. म्हणून १५४२ च्या नव्या कायद्यांनी एन्कोमिएंदा वारसांकडे जाण्यावर गदा आणली. विरोधामुळे हे कायदे सौम्य करावे लागले, पण दिशा बदलली नाही. मेक्सिकोच्या मध्य भागात सतराव्या शतकापर्यंत एन्कोमिएंदा निष्प्रभ झाली. युकातानसारख्या कडेच्या प्रांतात ती अठराव्या शतकापर्यंत रेंगाळली.

मग जमीन कुठून आली? तिच्या वाटा अनेक होत्या आणि त्यांतली सर्वांत मोठी वाट मृत्यूने मोकळी केली. १५२० ची देवी, त्यानंतर १५४५ आणि १५७६ च्या भयंकर साथी यांनी मध्य मेक्सिकोतील गावेच्या गावे रिकामी केली. विजयानंतरच्या शतकभरात मूळ लोकसंख्येतील दहापैकी आठ-नऊ माणसे नाहीशी झाली, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. ओस पडलेल्या जमिनीसाठी व्हाइसरॉयकडे अर्ज केले जात आणि राजाच्या नावाने ‘मेर्सेद’ म्हणजे अनुदान मिळे. गुरे चारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका पूर्ण चौरसाचे क्षेत्र सुमारे १,७५० हेक्टर भरे. शेतीसाठीचा एकक त्याहून पुष्कळ लहान, सुमारे ४३ हेक्टरांचा असे. अर्जदारांत फक्त विजेते शिपाई नव्हते. व्यापारी, कारकून, धर्मसंस्था यांच्याबरोबर मूळ रहिवाशांतील सरदार आणि कधी कधी गावेसुद्धा अशी अनुदाने मिळवत. त्यापुढची पायरी खरेदीची आणि त्याच्याही पुढची सरळ अतिक्रमणाची. १५९१ मध्ये पैशाची चणचण असलेल्या दुसऱ्या फेलिपे राजाने सदोष हक्काच्या जमिनी शुल्क भरून नियमित करून घेण्याची सोय काढली, आणि १६४३ च्या सुमारास अशा नियमितीकरणाची मोठी लाट येऊन गेली. अतिक्रमणे नियमित करून सरकारी तिजोरी भरण्याचा हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. सांगायचे एवढेच, की हॅसिएंडाच्या दप्तरात राजाने खूश होऊन दिलेली एक सनद क्वचित सापडते. सापडतात ती खरेदीखते, गहाणखते, दाव्यांचे निकाल आणि दंड भरल्याच्या पावत्या.

दुसरे विधान मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्याला मोठ्या माणसांचा आधार आहे. आंद्रेस मोलिना एन्रिकेस या मेक्सिकन विचारवंताने १९०९ मध्ये, क्रांतीच्या उंबरठ्यावर, हॅसिएंडा हा धंदाच नव्हे असे ठासून लिहिले. पुढे १९५२ मध्ये फ्रान्स्वा शेवालिए या फ्रेंच इतिहासकाराने उत्तर मेक्सिकोतील मोठ्या जमिनींचा अभ्यास करताना जवळजवळ सरंजामी जगाचे चित्र रंगवले, आणि तेच चित्र देशभर लागू आहे असे पुष्कळांनी गृहीत धरले. मोलिना एन्रिकेस यांचा हेतू प्रामाणिक होता. पडीक ठेवलेल्या अफाट जमिनी वाटल्या गेल्या पाहिजेत, हे त्यांना पटवून द्यायचे होते. पण नंतरच्या पिढीने हॅसिएंडांच्या हिशोबाच्या वह्या उघडल्या तेव्हा वेगळेच दिसले. चार्ल्स गिब्सन, डेव्हिड ब्रेडिंग, एरिक व्हॅन यंग यांच्यासारख्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या प्रदेशांत जे शोधले त्याचा रोख एकच आहे : हॅसिएंडा बाजारासाठी जगत होती.

तिचा जन्मच बाजारामुळे झाला. १५४६ मध्ये साकातेकासला चांदी सापडली, त्यानंतर ग्वानाहुआतोचा नंबर लागला. खाणीत उतरणाऱ्यांना मका आणि गहू हवा, धातूच्या पिशव्यांना कातडे हवे, अंधारात मेणबत्त्यांना चरबी हवी आणि यंत्रे फिरवायला खेचरे हवीत. हे सगळे पुरवणारी शेती आसपास उभी राहिली ती मागणी होती म्हणून. ग्वादालाहारा शहर अठराव्या शतकात वाढले, तसे भोवतालचे मालक गुरांकडून गव्हाकडे वळले आणि बंधारे, पाट, कोठारे यांवर पैसा घालू लागले. ज्याला नफ्याची पर्वा नाही तो असे करत नाही.

हॅसिएंडाचे कोठार जवळून पाहिले तर हा हिशोब डोळ्यांना दिसतो. त्रोहे म्हणून ओळखली जाणारी ही इमारत पुष्कळ ठिकाणी मालकाच्या राहत्या घरापेक्षा भक्कम असते. जाड दगडी भिंती, ओल टाळण्यासाठी उंच केलेली जमीन, उंचावर लहान झरोके आणि एकच मजबूत दार. सुगीनंतर मका स्वस्त होई. लहान शेतकऱ्याला आणि गावकऱ्याला तो त्याच वेळी विकावा लागे, कारण साठवायला जागा नाही आणि देणी दारात उभी. मालक मात्र दार लावून बसे आणि पुढच्या उन्हाळ्यात, गावकऱ्यांचा साठा संपून भाव चढला, की कोठार उघडे. पीक बुडालेल्या वर्षी तर त्याची चांदीच होई. ऑगस्ट १७८५ मध्ये अवेळी पडलेल्या हिमाने मक्याचे पीक मारले आणि पुढचे वर्ष मेक्सिकोच्या इतिहासात ‘भुकेचे वर्ष’ म्हणून नोंदले गेले. असंख्य माणसे उपासमारीने आणि पाठोपाठच्या रोगांनी मेली. धान्य अजिबात नव्हते असे नाही. कोठारांत होते, आणि ते भावाची वाट पाहत होते. या वागण्याला ‘प्रतिष्ठेसाठी केलेली शेती’ म्हणणे म्हणजे त्या वर्षी मेलेल्यांच्या मरणाचे कारणच पुसून टाकणे होय.

स्वयंपूर्णतेचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. हॅसिएंडा आपली गरज शक्य तितकी घरातून भागवत असे, हे खरे. पण रोख पैसा बाहेर जाऊ नये आणि विक्रीतून तो आत यावा, असा त्यामागचा हिशोब होता. मेक्सिको शहराच्या ईशान्येची सांता लुसिया हॅसिएंडा याचे उत्तम उदाहरण आहे. येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरूंनी ती १५७६ मध्ये राजधानीतील आपल्या महाविद्यालयाच्या खर्चासाठी विकत घेतली. आधी मेंढ्या, मग धान्य, पुढे पुल्के हे आंबवलेले मद्य, अशी तिची उत्पादने बाजार पाहून बदलत गेली. दूरदूरच्या चरायांपर्यंत तिचा पसारा वाढला. गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोकही तिथे राबले. १७६७ मध्ये येशूसंघीयांना स्पॅनिश साम्राज्यातून हाकलेपर्यंत जवळजवळ दोन शतके एका संस्थेने ती काटेकोर हिशोब ठेवून चालवली. मेक्सिको शहराचा नवा फेलिपे आन्हेलेस विमानतळ आज याच सांता लुसियाच्या परिसरात आहे.

आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपाताच्या कुळातील मागुए या वनस्पतीच्या रसापासून पुल्के आंबवतात. रस काढणारा मजूर लांबट पोकळ भोपळ्याच्या एका टोकाने झाडाच्या गाभ्यातला गोड रस तोंडाने ओढून घेतो, तो आंबवण्याच्या खोलीत नेतो आणि तिथे बैलाच्या कातड्याच्या पसरट हौदांत ओततो. तयार पुल्के एक-दोन दिवसांत नासते. त्यामुळे मेक्सिको शहर ते व्हेराक्रूस ही रेल्वे १८७३ मध्ये पूर्ण झाली आणि आपानच्या पठारावरील हॅसिएंडांना राजधानीची गुत्ती एका रात्रीच्या अंतरावर आली, तेव्हा त्यांचे भाग्य फळफळले. त्या भागातील दिमाखदार वाडे, बुरूज आणि नक्षीदार दरवाजे बहुतांश या रेल्वेनंतरचे आहेत. पर्यटक त्यांना विजेत्यांच्या काळातील वारसा समजून त्यांची छायाचित्रे काढतात.

‘एकाच घराण्यात शतकानुशतके’ या तिसऱ्या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मालमत्ता अखंड थोरल्या मुलाकडे जाण्याची कायदेशीर सोय, म्हणजे मायोरास्गो, फार थोड्या घराण्यांना मिळाली आणि स्वातंत्र्यानंतर १८२३ मध्ये मेक्सिकोने तीही रद्द केली. इतरांच्या बाबतीत स्पॅनिश वारसा कायद्याप्रमाणे मुलामुलींत वाटण्या होत, वाटण्यांपायी कर्ज निघे आणि कर्ज देणारी मुख्य संस्था होती चर्च, तेही बहुधा सालाना पाच टक्क्यांनी. दोनचार वर्षे पीक बुडाले की हॅसिएंडा लिलावात जाई. उत्तरेतील कोआउइला प्रांतात सांचेस नाव्हारो घराण्याकडे सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर जमीन होती, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून अधिक. तिची सुरुवात अठराव्या शतकात एका पाद्र्याच्या दुकानदारीतून आणि सावकारीतून झाली आणि तिचा सर्वांत मोठा भाग १८४० मध्ये विकत घेतलेला होता. फ्रेंच फौजेने मेक्सिकोच्या गादीवर बसवलेल्या सम्राट माक्सिमिलियानची बाजू घेतल्याबद्दल अध्यक्ष हुआरेस यांच्या प्रजासत्ताक सरकारने १८६० च्या दशकात ती जप्त केली. सगळा प्रवास अवघ्या शंभर वर्षांचा. चिहुआहुआचा लुइस तेर्रासास तर सामान्य घरातला माणूस होता. फ्रेंचांना साथ दिलेल्या मालकाकडून जप्त झालेली एन्सिनियास ही हॅसिएंडा त्याने घेतली आणि तिथून त्याचा विस्तार झाला. क्रांतीच्या वेळी त्याच्या घराण्याची जमीन आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा मोठी होती. त्याच्या पूर्वजांना राजाने काहीही दिले नव्हते.

आता मजुरांचा प्रश्न. इथे फार जपून लिहावे लागते. ‘प्रत्येक मजूर कर्जाचा गुलाम’ हे विधान खोडताना मालकांची तरफदारी होता कामा नये आणि ती करण्याची माझी अजिबात इच्छा नाही. पण अन्याय नेमका कुठे, कधी आणि कशामुळे झाला हे सांगायचे असेल, तर सरसकट विधान उपयोगाचे नाही.

सतराव्या शतकात, माणसेच कमी उरल्यामुळे, मजूर मिळवणे ही मालकाची अडचण होती. १६३२ मध्ये सरकारने शेतीसाठी गावांकडून सक्तीने मजूर पुरवण्याची पद्धत बंद केली, तेव्हा मालकांना उचल देऊन माणसे आणावी लागली. आपल्याकडील ऊसतोडणीची उचल ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको, की उचल ही दुधारी असते. मजूर दुर्मिळ असेल तर तो ती सौदा करून घेतो आणि पळूनही जातो. त्याला दुसरा पर्याय नसेल आणि पोलीस मालकाच्या बाजूला असतील, तर तीच बेडी होते. गिब्सन यांना मेक्सिकोच्या खोऱ्यातील वसाहतकाळाच्या शेवटच्या वह्यांत असे आढळले, की निम्म्याहून कमी मजुरांच्या नावावर कर्ज होते आणि ते बहुतेकांच्या बाबतीत तीन आठवड्यांच्या मजुरीइतके किंवा त्याहूनही कमी होते. काही हॅसिएंडांत तर मालकच मजुरांच्या थकलेल्या मजुरीचा देणेकरी असल्याचे हिशोब सांगतात. शिवाय हॅसिएंडावर राबणारे सगळे एका साच्यातले नव्हते. तिथे आवारात राहणारा सालगडी होता, हंगामापुरता गावातून येणारा रोजंदार होता, खंड भरणारे कूळ होते, अर्धेलीने करणारा वाटेकरी होता आणि घोड्यावरून गुरे वळणारा गुराखीही होता. त्यांचे हितसंबंध पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध असत. सालगड्याला निदान मक्याचा ठरलेला शिधा मिळे. दुष्काळात रोजंदाराच्या वाट्याला तोही येत नसे.

आणि तरीही कर्जगुलामी होती. तिचे सर्वांत भयानक रूप दिसले युकातानमध्ये, आणि नेमके तिथेच ‘मध्ययुगीन अवशेष’ ही कल्पना कोलमडते. युकातानच्या हॅसिएंडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मका आणि गुरे यांवर चालत. मग अमेरिकेच्या गव्हाच्या शेतांत कापणी करून पेंढ्या बांधणारी यंत्रे आली आणि त्या यंत्रांना सुतळी लागू लागली. एनेकेन या घायपाताच्याच जातीच्या झाडाच्या पानांतून ती निघते. काही दशकांत द्वीपकल्पाचा वायव्य भाग एनेकेनच्या राखाडी-हिरव्या रांगांनी भरून गेला. पाने सोलण्यासाठी वाफेवरची यंत्रे आली, शेतातून कारखान्यापर्यंत अरुंद रुळांवर खेचरांनी ओढायचे डबे आले. १९०२ मध्ये शिकागोत इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतीयंत्रे बनवणारी कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने ओलेगारियो मोलिना यांच्या पेढीशी गुप्त करार करून तंतूचा भाव पाडण्याची व्यवस्था केली. हे मोलिना त्याच सुमारास युकातानचे गव्हर्नर झाले आणि पुढे केंद्र सरकारात मंत्रीही झाले.

भाव पडला की त्याची झळ सर्वांत खालच्या माणसाला लागे. माया मजुराची तोडलेली पाने हजाराच्या हिशोबाने मोजली जात. त्याच्या नावावर दोन खाती असत. लहान खाते रोजच्या मक्याचे आणि कापडाचे, ते मजुरीतून वळते होई. मोठे खाते लग्नाचे, आजारपणाचे, मयताचे, आणि ते सहसा कधीच फिटत नसे. हॅसिएंडा विकली जाई तेव्हा ही खातीही नव्या मालकाकडे जात, म्हणजे व्यवहारात माणसेच विकली जात. माया मजूर अपुरे पडू लागले तेव्हा हुकूमशहा अध्यक्ष पोर्फिरियो दियास यांच्या सरकारने उत्तरेकडील सोनोरातील याकी लोकांना पकडून, हजारो मैल दूर, इथे पाठवले; १९०५ मध्ये हजारावर कोरियन स्त्री-पुरुषांना कराराने आणले गेले. एका बाजूला वाफेचे यंत्र, रेल्वे, तार आणि शिकागोचा भाव, दुसऱ्या बाजूला मोठे खाते आणि चाबूक, आणि दोन्ही एकाच आवारात. चाबूक यंत्राच्या आधीचा शिल्लक राहिलेला नव्हता. यंत्राची भूक भागवण्यासाठीच तो इतका जोरात चालू लागला होता. याच काळात उत्तरेत मात्र मजुराला खाणीत किंवा सीमेपलीकडे अमेरिकेत काम मिळण्याची शक्यता होती, त्यामुळे तिथल्या मालकांना कर्जाची पकड सैल करावी लागली. फ्रीडरिश कात्स या इतिहासकाराने १९७४ मध्ये हा प्रादेशिक फरक स्पष्ट मांडला आणि तेव्हापासून सरसकट विधानाला आधार उरलेला नाही.

‘हॅसिएंडांनी सुरुवातीपासूनच सगळी गावे गिळली होती’ हे आणखी एक पुरवणी विधान बहुतेक वेळा या कहाणीत येते. ओआहाकाच्या खोऱ्यात विल्यम टेलर यांना उलट चित्र दिसले. तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावांनी आणि सरदारांनी वसाहतकाळाच्या अखेरीपर्यंत बरीचशी जमीन राखली होती. इतरत्रही गावे न्यायालयात पिढ्यानपिढ्या भांडत होती आणि कधी कधी जिंकतही होती, कारण वसाहतीच्या कायद्याला गावाची सामायिक जमीन मान्य होती. हा आधार काढून घेतला तो स्वतंत्र मेक्सिकोच्या उदारमतवाद्यांनी. २५ जून १८५६ च्या लेर्दो कायद्याने संस्थांना स्थावर मालमत्ता बाळगण्यास मनाई केली. रोख चर्चवर होता, पण गावेही संस्थांच्या व्याख्येत आली. सामायिक जमीन वैयक्तिक तुकड्यांत वाटली गेली, आणि वैयक्तिक तुकडा कर्जापायी विकत घेता येतो. पुढे १८८३ च्या कायद्याने पडीक सरकारी जमिनी मोजणाऱ्या खासगी कंपन्यांना मोजलेल्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोबदला म्हणून मिळू लागला. ज्यांच्याकडे लेखी पुरावा नाही अशांची वहिवाटही त्यात ‘पडीक’ ठरली. १८७६ मध्ये देशात जेमतेम ६४० किलोमीटर रेल्वे होती, १९१० मध्ये ती १९,००० किलोमीटरांच्या पुढे गेली, आणि रूळ जिथे पोहोचले तिथे जमिनीचा भाव आणि मालकांची हाव दोन्ही वाढली.

मोरेलोस प्रांतात हे अगदी स्पष्ट दिसते. १८८१ मध्ये क्वाउत्लाला रेल्वे पोहोचली, साखर कारखान्यांत नवी यंत्रे बसली आणि त्या यंत्रांना पुरेल इतका ऊस पिकवण्यासाठी शेजारच्या गावांची जमीन आणि पाणी हवेसे झाले. आनेनेकुइल्को या छोट्या गावाने सप्टेंबर १९०९ मध्ये जुन्या पंचांच्या जागी तीस वर्षांच्या एमिलियानो सापाताला निवडले; हाच पुढे क्रांतीतील शेतकऱ्यांचा नेता झाला. गावाने त्याच्या स्वाधीन केली ती एक पेटी. तिच्यात वसाहतकाळापासूनचे जमिनीचे कागद होते, काही नाहुआत्ल या अझ्टेकांच्या भाषेतले, आणि सापाताने ते वाचून घेण्यासाठी मुद्दाम माणूस पाठवला. ज्या गावाकडे शतकांपूर्वीचे कागद जपलेले आहेत आणि ज्याला त्या कागदांच्या बळावर न्याय मिळेल असे वाटते, ते गाव विजयाच्या दिवशीच गिळले गेले नव्हते. त्याच्या हातातोंडाशी असलेली शेते त्या पिढीच्या डोळ्यांदेखत जात होती. २८ नोव्हेंबर १९११ च्या आयाला योजनेत, म्हणजे सापाताच्या बंडखोरांच्या जाहीरनाम्यात, मागणी होती ती बळकावलेली जमीन, जंगल आणि पाणी परत मिळण्याची. ज्यांच्याकडे मूळ कागद आहेत त्यांनी ताबा घ्यावा, असे ती सांगत होती.

राहिले शेवटचे विधान, क्रांतीने एका झटक्यात केलेल्या अंताचे. १९१४-१५ मध्ये युकातानात मजुरांची कर्जे रद्द झाली आणि क्रांतिकारकांचे तिथले गव्हर्नर साल्व्हादोर आल्व्हारादो यांनी ती मुक्तता अमलात आणली. १९१७ च्या संविधानाने मालकाच्याच दुकानातून खरेदीची सक्ती बेकायदा ठरवली आणि मजुरांची मालकांकडील जुनी कर्जे देशभर रद्द केली. ही फार मोठी गोष्ट होती. जमीन मात्र हलायला तयार नव्हती. सापाताला १० एप्रिल १९१९ रोजी दगा देऊन मारले गेले ते चिनामेका या हॅसिएंडाच्याच दारात, आणि त्यानंतरही पंधरा वर्षे बहुतेक मोठ्या मालमत्ता जागेवर होत्या. त्याहून बोचणारी बाब म्हणजे सुरुवातीच्या जमीनवाटपात हॅसिएंडाच्या आवारात राहणारे सालगडी पात्रच नव्हते. जमीन मागण्याचा हक्क गावांना होता आणि हे लोक कुठल्याच गावाचे मानले जात नव्हते. ज्यांच्या नावाने क्रांतीची गाणी गायली गेली त्यांच्यापैकी पुष्कळांना १९३४ च्या कृषी संहितेपर्यंत थांबावे लागले. लासारो कार्देनास अध्यक्ष झाल्यावर १९३६ मध्ये ला लागुनाचा कापूसपट्टा आणि १९३७ मध्ये युकातानची एनेकेनची शेते वाटली गेली. १९३४ ते १९४० या सहा वर्षांत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटपात गेली. मालकांना वाडा, यंत्रे आणि निवडक जमीन ठेवता आली. युकातानातील आजची महागडी हॉटेले ज्या वाड्यांत आहेत ते असे मागे राहिलेले वाडे आहेत.

आणि मेक्सिकोबाहेर पाहिले तर ‘अंत’ हा शब्द वापरणेही कठीण होते. स्पेनचीच जुनी वसाहत असलेल्या फिलिपीन्समधील तार्लाक प्रांतातील हॅसिएंडा लुइसिता ही बार्सिलोनाच्या तंबाखू कंपनीची उसाची मालमत्ता होती. १९५७-५८ मध्ये कोहुआंग्को कुटुंबाने ती न्यूयॉर्कच्या बँकेचे कर्ज आणि फिलिपीन्स सरकारच्या निवृत्तिवेतन संस्थेचे कर्ज काढून विकत घेतली. पुढे ही जमीन लहान शेतकऱ्यांना देण्याची अट त्या सरकारी मदतीला जोडलेली होती. ती पाळली गेली नाही. १९८९ मध्ये जमिनीऐवजी मजुरांना कंपनीचे समभाग देण्याची पळवाट वापरली गेली. १६ नोव्हेंबर २००४ रोजी संपावर असलेल्या मजुरांवर गोळीबार होऊन सात जण मारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये अंतिम निकाल देऊन सहा हजारांहून अधिक शेतमजुरांना जमीन वाटण्याचा आदेश कायम केला. डॉलरमधील कर्ज, समभाग आणि मर्यादित कंपनी यांच्या बळावर चाललेल्या या हॅसिएंडाचा हिशोब कोणत्याही विजेत्या सरदारापर्यंत मागे नेता येत नाही. तिची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्या बँका, ती सरकारे आणि ते मालक विसाव्या शतकातले होते.